ढगेजींचा गोबरगॅस

शाळेतल्या नोकरीसाठी आर्वीत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, सैपाक कशावर करता?"

खरं तर मी दुसऱ्याच प्रश्नांची तयारी करून गेले होते. लग्न झालंय का, नवरा कुठे असतो, मटण-मच्छी करता का, पाहुणे किती येतात. त्याआधी बघितलेल्या घरांमध्ये माझी अशी उलटतपासणी झाली होती की डोकं तापलेलं होतं, आणि इथे कोणी तोंड उघडलंच तर काय काय ऐकवायचं ते मी बसमध्येच ठरवून टाकलं होतं. आणि हा उंच, वाळका, पांढऱ्या हाफशर्टातला म्हातारा खुर्चीतून पुढे वाकून विचारतोय, सैपाक कशावर करता!

"गॅसवर," मी म्हटलं.

"कोनत्या गॅसवर?"

"कोनत्या म्हंजे? सगळे करते त्याच. लाल सिलिंडर."

"मंग नाई जमायचं," ते म्हणाले, आणि आत तोंड करून ओरडले, "अवो, चहा नको मांडू. बाई सिलिंडरवाल्या हायेत!"

आतून आवाज आला, "मांडला बाप्पा. पिऊन तं जाऊ द्या बिचारीले."

चहा आला. आलं घातलेला, बरोबर गोडीचा. मी पिऊन कप खाली ठेवला तोवर ते माझ्याकडे टक लावून बघत होते. "कसा झाला?"

"चांगला झाला."

"शेनावर झाला," ते म्हणाले.

मला इतकं हसू आलं की थांबेना. ते हसले नाहीत, पण खुश झालेले दिसले. खोली मिळाली. अट एवढीच, की घरात सिलिंडर येणार नाही. त्यांच्या परसातल्या गोबरगॅसच्या टाकीतून माझ्या खोलीत पाइप येईल आणि पुरणपोळीसारखं काही मोठं काढायचं असलं तर आदल्या दिवशी सांगायचं. मी मूळची अल्लीपूरची, खेड्यातलीच. शेण मला नवं नव्हतं, पण ते असं भाडेकराराच्या आधी चर्चेला आलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

ढगेजी म्हणजे मधुकरराव ढगे. मधुकरराव त्यांना कोणी म्हणत नसे, त्यांची बायको निर्मलाकाकूसुद्धा नाही. त्या म्हणत "आमचे हे", आणि फार रागावल्या तर "पंपवाले". कारण ढगेजींनी जन्मभर नोकरी केली ती पेट्रोल पंपावर. हो, पेट्रोल पंपावर! मॅनेजर होते. सगळ्या तालुक्याच्या गाड्यांमध्ये यांनी तेल भरलं आणि रिटायर झाल्यावर तेलाशी असं वाकडं घेतलं की बस्स.

हे वाकडं का आलं, ते सांगायला त्यांना फार आवडायचं. दर पाहुण्याला सांगायचे, आणि काकू आतून "आता संप येईन" म्हणून गोष्टीच्या पुढे पुढे धावायच्या.

टँकरवाल्यांचा संप झाला होता, आणि पंप कोरडा पडला होता. "काय सांगू बाई, डॉक्टर आले डबडी घेऊन. वकील आले. ज्यानं मले कधी 'ए ढगे' बिगर हाक नाई मारली, तो म्हनते, ढगेसाहेब, अर्धा लिटर पाहा ना कुठी असंल तं! साहेब! त्या आठवड्यात मी साहेब होतो. टँकर आला अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ए ढगे'." इथे ते स्वतःच भरपूर हसायचे. मग एकदम गंभीर व्हायचे. "पन मी त्या दिसापासून इचार करून राह्यलो. साऱ्या तालुक्याचा कारभार माह्या हातातल्या नळीवर लटकून हाय, अन् माही नळी कोनाच्या हातात हाय, ते मलेच नाई माहीत! मालकाले इचारलं, त्याले माहीत नाई. भाव वाढला की वरून फोन येते, मी बोर्डावरचे आकडे बदलतो. कोन वाढवते? कुठी राह्यते थो मानूस? त्याले आर्वी माहीत हाय का?"

पेपर आला की लोक आधी राशिभविष्य बघतात किंवा कोण वारलं ते बघतात. ढगेजी आखातातली बातमी बघायचे. तिकडे दोन देशांत कुरबुर झाली की इकडे ते अस्वस्थ. "पाहा आता, भांडन त्याईचं, अन् भाकर आपली महाग."

घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी ते विचारायचे, "कशावर आले?" मोटारसायकलवर आलो म्हटलं की "हं", सायकलवर म्हटलं की "बसा ना बसा!" एसटीला मात्र माफी होती. एसटीत गावची गाव बसून जाते, म्हणून एसटीचं डिझेल त्यांच्या लेखी डिझेल नव्हतं. मी म्हटलं, काकाजी, हे काही बरोबर नाही, नियम तो नियम. तर म्हणाले, "बाई, एसटी सोडली तं मी माह्या पोरीले भेटाले अमरावतीले काय पोहत जाऊ?"

सकाळी उठून बघावं तर हा माणूस परसात. गवळाऊ गाई होत्या त्यांच्या, पांढऱ्या, तरतरीत. आमच्या भागातली ही खास जात. त्यांना आधी नावांनी हाका मारून विचारपूस करायची, मग शेण घमेल्यात घ्यायचं, पाणी घालून हाताने कालवायचं, काडी-कचरा वेचून काढायचा आणि टाकीच्या तोंडातून आत सोडायचं. मग पाइपाच्या कडेने चालत जायचं. गोबरगॅसच्या पाइपात वाफेचं पाणी साचतं, ते काढलं नाही तर ज्योत फडफडते. जागोजागी त्यांनी छोटे कॉक बसवले होते. प्रत्येक कॉकपाशी उकिडवं बसून पाणी काढायचं, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून "हां, झालं" म्हणायचं. हे "हां, झालं" माझं घड्याळ होतं. माझ्या खिडकीखाली ऐकू आलं की मी चहा मांडायचे.

त्यांची विजेवरची स्कूटर हा एक वेगळाच अध्याय. ती त्यांनी घेतली तेव्हा काकू महिनाभर मागे बसायला तयार नव्हत्या, कारण तिचा आवाजच येत नाही. "मानूस येऊन राह्यला का भूत, काही समजत नाई." एकदा ढगेजी एकटेच वर्ध्याकडे निघाले आणि खरांगण्याच्या अलीकडे चढावर स्कूटर गपकन थांबली. चार्जिंग संपलं. मागून एक ओळखीचा मोटारसायकलवाला आला. आपल्याकडे रिवाज आहे, बंद गाडीला मागून पाय लावून ढकलत न्यायची. तो बिचारा म्हणाला, बसा काकाजी, पाय लावतो. तर हे म्हणाले, "नको. तुह्या पायात बी पेट्रोलच हाय."

भर उन्हात, साठीच्या पुढचा माणूस, स्कूटर ढकलत ढाब्यापर्यंत गेला! तिथे वायर लावून बसला. संध्याकाळी घरी येऊन मोठ्या ऐटीत मला ही हकिगत सांगितली. मला राग आला होता. उन्हात काही झालं असतं म्हणजे? मी फणकाऱ्याने म्हटलं, "काकाजी, ढाब्यावरची वीज कशाची होती? कोळशाचीच ना? मग काय मोठं केलं तुम्ही?"

त्यांनी स्कूटरची चावी खिळ्याला अडकवली आणि आत गेले. जेवणं झाल्यावर माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "बाई, तुमचं बरोबर हाय. मी इचार केला. कोळसा चंद्रपूरचा हाय, म्हंजे आपला हाय. पन धूर तं धूरच." एवढं बोलून गेले. पुढच्या पगाराच्या सुमारास, म्हणजे माझ्या पगाराच्या, त्यांच्या गच्चीवर सोलरचे पत्रे चढत होते, आणि खाली उभं राहून काकू मला म्हणत होत्या, "तुम्ही काऊन बोलल्या व बाई? आता माहं पापड-कुरडया वाळवाचं कुठी?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही नेतही होतो. पण वनिताच्या बाबतीत हसण्यासारखं काही राहिलं नाही.

वनिता राऊत आमच्या मागच्या घरात राहायची. पस्तिशीची असेल. नवरा तिला सोडून गेला होता, त्याचं नाव ती घेत नसे आणि कोणी घेतलं तर चांगली खरडपट्टी काढायची. डबे करायची ती. कॉलेजची पोरं, बँकेतली माणसं, आमच्या शाळेतल्या दोघी-तिघी. तिच्या हातची पाटोडीची रस्साभाजी खाल्लेला माणूस दुसऱ्या खानावळीत जात नसे. घरात सिलिंडर, आणि मागे परसात लाकडाची चूल. सिलिंडर वेळेवर आला तर ठीक, नाही तर चुलीपुढे बसून फुंकर घालून घालून तिचे डोळे लाल व्हायचे. एका वर्षी आखातात काहीतरी पेटलं आणि इकडे सिलिंडर मिळेनासे झाले. नंबर लावून ठेवायचा आणि वाट बघायची. पाऊस होता, लाकडं ओली. वनिताचे डबे बंद पडले.

ढगेजी तिच्या दाराशी गेले. मी तेव्हा तिथेच होते, तिच्या डोकेदुखीवर गोळी घेऊन गेले होते.

"वनिता, मी टाकी मोठी करून राह्यलो. कोपऱ्यावरचा गवळी म्हशीचं शेन देतो म्हनते. आपल्या गल्लीले पुरंल इतका गॅस होते. तुह्याकडं पाइप टाकू का?"

वनिता म्हणाली, "काकाजी, तुमचं घरचं खानं हाय. आज नाई झालं तं उद्या खासान. माहं पोट डब्यावर हाय. तुमचा गॅस रुसला तं मी कोनाकडं जाऊ?"

"रुसला तं मी हाय ना," ढगेजी म्हणाले.

इतकंच. पण असं म्हणाले, की ती बघतच राहिली.

पाइप आला. गोबरगॅसची ज्योत मंद असते म्हणून ढगेजींनी नागपूरहून मोठ्या भोकांच्या शेगड्या आणवल्या. गल्लीतली आणखी काही घरं जोडली गेली, पण त्यांच्याकडे सिलिंडर होतेच, त्यांची हौस होती. वनिताची हौस नव्हती. तिने सिलिंडरचं कनेक्शन परत केलं, परसातली चूल फोडली आणि त्याच विटांचा भांडी घासायला ओटा बांधला. मला दाखवून म्हणाली, "पाहा बाई, आता धूर नाई का राख नाई. काकाजींच्या इश्वासावर."

ते दीड-दोन वर्षं फार छान गेली. पोळ्याच्या दिवशी ढगेजी सकाळीच फिरून सांगून यायचे, "अलीकडच्या घरांनी दहाच्या आत पुरन शिजवून घ्या, मंग वनिताचा नंबर हाय." आणि बायका खरंच ऐकायच्या. कोणी जास्त वेळ शेगडी चालू ठेवली की ज्योत बारीक व्हायची आणि गल्लीत एकमेकींच्या नावाने हाका सुरू व्हायच्या, "अवो, कोन पानी तापवून राह्यलं गॅसवर? आंघोळीचं पानी गॅसवर कायले तापवता?" भांडणंही झाली. पण आखातात काय चाललंय ते आमच्या गल्लीत ढगेजींशिवाय कोणी विचारेनासं झालं. वनिताचे डबे वाढत चालले होते. मदतीला एक बाई ठेवायच्या विचारात होती ती.

मग संत्री आली.

आर्वी-कारंज्याकडच्या माणसाला संत्र्याची गळ काय असते ते सांगायला नको. झाडावरचा माल उतरायच्या आधीच फळ टपाटपा गळतं. त्याला गिऱ्हाईक नाही. बांधावर, रस्त्याच्या कडेला ढीग लागतात आणि सडतात. त्या वर्षी फार गळ झाली. ढगेजी एक दिवस सायकलवर जाताना ते ढीग बघून थांबले, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकं खाणं फुकट चाललंय! आपली टाकी शेण खाते, मग संत्रं का नाही खाणार?

विचारायला कोणाला गेले नाहीत. गल्लीत त्यांच्यापेक्षा जास्त कळणारं होतंच कोण? पोत्यावर पोती आणून टाकीत ओतली. काकू म्हणाल्या, "अवो, लय आंबट हायेत थे." तर म्हणाले, "टाकीले काय दात हायेत आंबायले?" बागाईतदारही खुश, की कचरा जातोय. आम्हीसुद्धा कौतुक केलं. परसात संत्र्याच्या सालीचा काय सुरेख वास सुटला होता! त्यात थंडीचे दिवस, थंडीत गॅस तसाही कमी होतो, त्यामुळे ज्योत लहान झाली तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

एके सकाळी वनिताने शेगडी पेटवली. ज्योत धरली, एकदा हलली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. गॅस येत होता, पण जळत नव्हता. कणकेचा गोळा परातीत, भाजी चिरलेली, आणि डबे न्यायला पोरं दारात.

ढगेजी धावत आले. पाइप बघितला, कॉक बघितले, पाणी काढलं. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तिथेच खाली बसले. शेणाच्या टाकीला कधी येऊ नये असा आंबूस, कुजका वास होता. त्यांना कोणी सांगायला लागलं नाही. "मीच मारली," ते म्हणाले. "संत्र्यानं पोट बिघडवलं तिचं. मीच खाऊ घातलं."

गल्लीतल्या बाकीच्या घरांनी आपापले सिलिंडर जोडले. दोन-चार टोमणे मारले आणि विषय संपवला. वनिताकडे जोडायला काही नव्हतं. चूलसुद्धा नव्हती. त्या दिवशी डबे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने ओट्याच्या कडेला तीन दगड मांडून कसंबसं केलं, तर पोळ्या कच्च्या राहिल्या. कॉलेजच्या पोरांनी दुसरी खानावळ धरली. पोरंच ती, भूक लागली की थांबतात थोडीच. वनिता माझ्यासमोर बसून रडली. ढगेजींना ती एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटतं तेच त्यांना सोसवत नव्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा निर्मलाकाकूंनी कोठीतली गव्हाची पोती सरकवली आणि मागून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लाल सिलिंडर बाहेर काढला. रिकामा. ढगेजी बघतच राहिले.

"हा वापस कर म्हनलं होतं ना मी तुले?"

"म्हनलं होतं. मी हव म्हनलं. केला असं म्हनलं का कधी?" काकू शांतपणे म्हणाल्या. "नंबर बी चालू हाय. तुमचा गॅस हाय, पन डोक्सं माहं हाय. जा आता, भरून आना त्या पोरीसाठी."

दुपारी शाळा सुटली, मी गॅस एजन्सीच्या गोडावूनवरून येत होते. रांग लागलेली होती. त्या रांगेत ढगेजी उभे होते, सायकलला सिलिंडर टेकवून. ज्या गावाला त्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलं, की दुसऱ्याच्या नळीवर जगू नका, ते सगळं गाव त्या रांगेत होतं. लोक सोडतील का?

"काय ढगेजी, शेन संपलं वाटते!"

"ढगेजी, आखातातून आला बरं हा गॅस, आधी सुंगून पाहा!"

मला असा संताप आला, की जाऊन त्या लोकांना चांगलं फैलावर घ्यावं. सरळ पुढे गेलेच मी. पण ढगेजींनी हातानेच मला थांबवलं. आणि त्या टोमणा मारणाऱ्याकडे बघून म्हणाले, "शेन हाय भाऊ. अक्कल संपलती."

रांग हसली. तेही थोडं हसले. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या मानी माणसाने ते वाक्य म्हणायला काय मोडून घेतलं असेल आत, ते मला दिसत होतं. भरलेला सिलिंडर कॅरिअरला बांधून, सायकल हातात धरून, ते सगळ्या बाजारातून चालत आले. कोणाच्या रिक्षात ठेवला नाही. वनिताच्या दारात उतरवला.

वनिता दारात उभी होती. "काकाजी, तुम्ही म्हनलं होतं..."

"हव," ते म्हणाले. "म्हनलं होतं."

तिने सिलिंडर आत ओढून घेतला. माळ्यावरची जुनी शेगडी काढली. संध्याकाळचे डबे गेले. अर्ध्याहून कमी होते.

मग ढगेजींनी टाकीचं औषधपाणी सुरू केलं. आजारी माणसासारखंच. आधी उपास, काही दिवस आत काही टाकलं नाही. मग चुन्याची निवळी. मग पुलगावच्या बाजूला एकाची चालू टाकी होती, तिथून जिवंत शेणकाल्याचे ड्रम आणून, दुधाला विरजण लावावं तसं ते लावलं. बैलगाडीने आणले, हे वेगळं सांगायला नको. घरी त्यांनी काकूंना सिलिंडर आणू दिला नाहीच. परसात विटांची चूल मांडली, माझा स्वयंपाकही तिच्यावरच, आणि फुंकायला स्वतः बसले. रोज कॉकपाशी काडी धरायची. ज्योत धरायची आणि विझायची. रोज. मला बघवत नसे. थंडी सरली, होळीच्या सुमारास एका सकाळी ती धरली आणि विझलीच नाही. निळी, सरळ ज्योत. काकू हात जोडून उभ्या होत्या. ढगेजी गाईंकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

हळूहळू गल्लीतल्या सगळ्या घरांनी पाइप उघडले. वनिताने उघडला नाही. काकूंच्या कनेक्शनवरचा सिलिंडर ती वापरत राहिली, महाग पडत होता, वाट बघावी लागत होती, तरी. ढगेजी रोज सकाळी तिच्या दाराजवळच्या कॉकमधलंही पाणी काढायचे, जिथून गॅस जातच नव्हता. पण "उघड" असं कधी म्हणाले नाहीत. मी एकदा न राहवून त्यांना म्हटलं, काकाजी, एकदा विचारा तरी तिला. तर म्हणाले, "कोन्या तोंडानं इचारू? तिनं चूल फोडली होती बाई, माह्या म्हनन्यावर."

मग मी वनिताकडे गेले आणि तिला सांगायला लागले, की आता टाकी चांगली चालते, उघड ना. तिने पोळी लाटता लाटता मान वर केली. "तुमचा पगार महिन्याले येते, बाई. गॅस येवो का न येवो." मी उठून आले.

पुढे ते वर्ष तसंच गेलं. पुन्हा संत्र्याची गळ झाली, पुन्हा ढीग लागले, ढगेजी तोंड दुसरीकडे करून सायकल हाणायचे. ते खचले होते, हे मला स्पष्ट म्हटलं पाहिजे. पाहुण्यांना संपाची गोष्ट सांगणं बंद झालं. काकू आतून वाट बघायच्या, आणि गोष्ट सुरूच व्हायची नाही. पेपरात तेलाचे भाव वाढल्याचं आलं तरी नुसता पेपर घडी करून ठेवायचे. मी मुद्दाम डिवचायचे, "काकाजी, काय म्हणतंय आखात?" तर म्हणायचे, "त्याईचं त्याईले माहीत." मला तो माणूस भांडखोर, हट्टी, दुसऱ्याच्या मोटारसायकलकडे तिरकं बघणारा असाच हवा होता. तो असा समंजस झालेला मला सहन होत नव्हता.

माझी बदली समुद्रपूरला झाली. जिल्हा तोच, पण टोक दुसरं. ढगेजींचं आणि माझं त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, भेट राहून गेली, आणि मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते आर्वी सोडली त्या सकाळी.

सामान आधीच गेलं होतं. हातात एक कपड्यांची पिशवी होती फक्त. वनिताने वाटेसाठी डबा करून देते म्हणून सांगितलं होतं, तो घ्यायला तिच्याकडे गेले. ढगेजी मला एसटी स्टँडवर पोचवायला म्हणून पिशवी घेऊन मागून आले आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबले. त्या प्रकारानंतर ते तिच्या घरात पाऊल टाकत नसत.

वनिता आमच्याकडे पाठ करून डबा भरत होती. तशीच, मागे न बघता म्हणाली, "काकाजी, उद्या एका साक्षगंधाच्या जेवनाची ऑर्डर हाय माह्याकडं. पाटोडी, भात, साराच सैपाक. सक्काऊनपासून शेगडी चालू राहीन. गॅस पुरंल ना?"

मी ओट्याकडे बघितलं. सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, त्याची नळी काढून वर गुंडाळून ठेवलेली. मोठ्या भोकांच्या शेगडीवर वरण उकळत होतं. कधीपासून, कोण जाणे. मी विचारलं नाही.

"पुरते," ढगेजी म्हणाले.

"सारा दिवस लागंल बरं."

"पुरते ना."

तिने डबा माझ्या हातात दिला, मला गळामिठी घातली, "येजा बरं, बाई," म्हणाली, आणि पुन्हा वरणाकडे वळली. आम्ही गल्लीत आलो. ढगेजी चार पावलं चालले आणि थांबले. त्यांचा चेहरा बघून माझे डोळे भरून आले.

"बाई, तिनं मांगतला."

"हव काकाजी."

"मी काही म्हनलं नाई हो. तुम्ही होत्या ना? मी एक शब्द नाई म्हनलो. तिनंच मांगतला."

"तिनंच मागितला, काकाजी. मी ऐकलं."

"सारा दिवस लागंल म्हनते. गवळ्याकडून आजच दोन घमेली जास्त आनाले पायजे. दुपारी पानी कोमट करून कालवतो, म्हंजे..." पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण ते बोलत बोलतच उलटे फिरले होते आणि गवळ्याच्या गोठ्याकडे निघाले होते. एवढ्या लांब ढांगा टाकत, की या वयाच्या माणसाला ओरडावं. मला स्टँडवर पोचवायचं होतं, निरोप घ्यायचा होता, सगळं विसरले. माझी कपड्यांची पिशवी त्यांच्याच हातात हेलकावे खात चालली होती.

मी हाक मारली नाही. वनिताच्या पायरीवर बसले. पुढची एसटी होतीच.